अमेरिकेतील बेकारी विमा : पात्रता, नकार आणि अपील (अर्धवेळ अध्यापकांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

'बेकारी भत्ता' हा शब्द उच्चारला की आपल्याकडे निवडणुकीच्या जाहीरनाम्यातील एखादे आश्वासन, अथवा सुशिक्षित बेकाराच्या हाती शासनाने ठेवलेली तुटपुंजी रक्कम, असे काहीसे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. सर्व कामगारांना लागू होईल असा बेकारी विमा भारतात कधी अस्तित्वात आला नाही. कर्मचारी राज्य विमा महामंडळाने २००५ मध्ये राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आणि २०१८ मध्ये अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना सुरू केली खरी. परंतु या योजना महामंडळाकडे नोंदलेल्या विमाधारकांपुरत्याच होत्या, आणि दुसऱ्या योजनेत तर लाभ आयुष्यात एकदाच व फार तर ९० दिवसांपुरता ठरविण्यात आला. त्यामुळे नोकरी गेलेल्या माणसाला मिळणारी रक्कम हा हक्क असू शकतो, तो नाकारला गेल्यास त्याचे म्हणणे ऐकून घेणारे तटस्थ न्यायपीठ असू शकते, आणि त्या न्यायपीठासमोर मालकालाही आपली बाजू शाबीत करावी लागते, ही कल्पना आपल्या विचारविश्वात फारशी रुजलेली नाही.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ही व्यवस्था नव्वद वर्षांहून अधिक काळ चालू आहे. तिच्याविषयी मराठीत जे लिहिले जाते ते बहुधा आकडेवारीच्या अंगाने; मंदीच्या काळात किती लाखांनी अर्ज केले, एवढ्यापुरते. प्रस्तुत लेखात आकडेवारीपेक्षा या व्यवस्थेच्या अंतर्गत कार्यपद्धतीकडे लक्ष वेधण्याचा प्रयत्न केला आहे. अर्जदार पात्र आहे की नाही हे कशावरून ठरते, नकार कसा येतो आणि त्यावर अपील कसे चालते, हे पाहिल्यास एक गोष्ट ध्यानात येते. या कायद्यात पात्रता गरजेवर ठरत नसून वस्तुस्थितीवर ठरते. आणि ती वस्तुस्थिती खऱ्या अर्थाने प्रथम तपासली जाते ती अपिलाच्या सुनावणीत. म्हणून अपील हा क्वचित वापरावयाचा उपाय न मानता पात्रता ठरविण्याच्या प्रक्रियेचाच एक भाग मानला पाहिजे. महाविद्यालयांतील अर्धवेळ अध्यापकांच्या बाबतीत तर हे विशेषच खरे आहे, आणि त्यांचा विचार लेखाच्या उत्तरार्धात केला आहे.

व्यवस्थेची घडण :

बेकारी विम्याचा पहिला अमेरिकन कायदा विस्कॉन्सिन या घटकराज्याने जानेवारी १९३२ मध्ये केला. त्यामागे विस्कॉन्सिन विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ जॉन आर. कॉमन्स यांची विचारसरणी होती. कारखान्यातील अपघाताची भरपाई मालकाला द्यावी लागू लागली तेव्हा मालकांनी यंत्रांना संरक्षक जाळ्या बसविल्या. त्याच न्यायाने बेकारीचा खर्च मालकावर पडला तर तो कामगारांना सहजासहजी काढणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढे महामंदीच्या काळात १४ ऑगस्ट १९३५ रोजी संघीय सामाजिक सुरक्षा कायदा संमत झाला आणि ही कल्पना देशभर पसरली. संघशासनाने मालकांवर कर बसविला, मात्र ज्या राज्याचा स्वतःचा मान्यताप्राप्त बेकारी कायदा असेल तेथील मालकांना त्या करात मोठी सूट दिली. साहजिकच सर्व राज्यांनी कायदे केले. ही राज्यांवरील सक्ती आहे, असा आक्षेप घेण्यात आला. परंतु सर्वोच्च न्यायालयाने १९३७ मध्ये 'स्ट्यूअर्ड मशीन कंपनी विरुद्ध डेव्हिस' या खटल्यात पाच विरुद्ध चार अशा मतांनी तो फेटाळला.

आजही हीच रचना कायम आहे. संघीय कराचा दर प्रत्येक कामगाराच्या वर्षातील पहिल्या ७,००० डॉलर वेतनावर ६ टक्के असून राज्याच्या कायद्याने अटी पाळल्या असतील तर ५.४ टक्क्यांची सूट मिळते. म्हणजे मालकाला एका कामगारामागे वर्षाला ४२ डॉलर एवढाच संघीय कर द्यावा लागतो. खरा भार राज्याच्या कराचा असतो, आणि त्याचा दर प्रत्येक मालकाच्या पूर्वानुभवावर ठरतो. ज्याच्या कामगारांनी अधिक लाभ घेतला त्याचा दर चढतो. कॉमन्स यांना अपेक्षित असलेला परिणाम यातून काही प्रमाणात साधला असेलही. परंतु दुसरा एक परिणाम निश्चितच झाला. काढून टाकलेल्या कामगाराचा दावा हाणून पाडण्यात मालकाचा आर्थिक हितसंबंध निर्माण झाला. मालकांच्या वतीने असे दावे लढविण्याचा व्यवसाय करणाऱ्या कंपन्या अमेरिकेत आहेत. अपिलाचे स्वरूप समजून घेताना हे विसरता येत नाही.

पन्नास राज्ये, राजधानीचा कोलंबिया जिल्हा, प्वेर्तो रिको आणि व्हर्जिन बेटे असे एकूण ५३ कार्यक्रम आहेत, आणि त्यांच्या नियमांत पुष्कळ तफावत आहे. लाभाचा कमाल काळ बहुसंख्य राज्यांत २६ आठवडे आहे. फ्लोरिडाने मात्र २०११ च्या कायद्याने तो राज्यातील बेकारीच्या प्रमाणाशी जोडला व १२ आठवड्यांपर्यंत खाली आणला. पुढील विवेचनात जेथे तपशील आवश्यक आहे तेथे मुख्यतः कॅलिफोर्नियाचा आधार घेतला आहे.

पात्रतेचे दोन उंबरठे :

पहिला उंबरठा मिळकतीचा. अर्जदाराने अलीकडच्या काळात विमा लागू असलेल्या नोकरीत पुरेसे वेतन मिळविलेले असले पाहिजे. हा 'अलीकडचा काळ' म्हणजे आधारकाल मोजण्याची रीत प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. अर्जापूर्वी पूर्ण झालेल्या पाच तिमाहींपैकी पहिल्या चार तिमाही धरावयाच्या, म्हणजे सर्वांत ताजी तिमाही सोडून द्यावयाची. मे २०२४ मध्ये अर्ज केला तर जानेवारी ते डिसेंबर २०२३ हा आधारकाल ठरतो आणि २०२४ च्या पहिल्या तीन महिन्यांची कमाई गणनेत येत नाही. मालकांकडून कागदी वेतनपत्रके येण्यास विलंब लागे त्या काळातील ही सोय संगणकाच्या काळातही टिकून राहिली. नव्याने नोकरीस लागलेल्यांवर तिच्यामुळे अन्याय होतो, हे ओळखून अनेक राज्यांनी ताज्या तिमाहीचा समावेश असलेला पर्यायी आधारकाल स्वीकारला. २००९ च्या संघीय कायद्याने त्यासाठी आर्थिक उत्तेजनही दिले.

कॅलिफोर्नियात आधारकालातील सर्वाधिक कमाईच्या तिमाहीत किमान १,३०० डॉलर मिळालेले असावेत, अथवा त्या तिमाहीत ९०० डॉलर व संपूर्ण आधारकालात त्याच्या सव्वापट रक्कम मिळालेली असावी, अशी अट आहे. साप्ताहिक लाभ साधारणपणे त्या सर्वोच्च तिमाहीच्या वेतनाचा सव्विसावा भाग, म्हणजे आठवड्याच्या पगाराच्या निम्मा असतो. ४५० डॉलर ही त्याची कमाल मर्यादा २००५ पासून बदललेली नाही. या उंबरठ्यावर वाद क्वचित होतात. झाले तर ते बहुधा मालकाने वेतन नोंदविलेच नाही, किंवा कामगाराला 'स्वतंत्र कंत्राटदार' असे नाव देऊन विम्याबाहेर ठेवले, अशा स्वरूपाचे असतात.

दुसरा उंबरठा अधिक कठीण आहे, कारण तो गणिताचा नाही. अर्जदार काम करण्यास समर्थ व उपलब्ध असला पाहिजे, काम शोधत असला पाहिजे आणि योग्य काम चालून आल्यास त्याने ते सबळ कारणाविना नाकारता कामा नये. या अटी दर आठवड्याला नव्याने पूर्ण कराव्या लागतात. अमेरिकेत एच-१बी परवान्यावर काम करणाऱ्या मराठी अभियंत्यांची अडचण येथेच होते. त्यांच्या वेतनावरही मालक बेकारी कर भरत असतो. परंतु त्यांचा परवाना एका विशिष्ट मालकाशी बांधलेला असल्याने नोकरी सुटताच ते 'कामासाठी उपलब्ध' मानले जात नाहीत आणि त्यांचा दावा बहुतेक वेळा याच कारणाने नाकारला जातो. कायम वास्तव्याचा परवाना असलेल्यांना मात्र ही अडचण येत नाही.

नोकरी का सुटली ?

दुसऱ्या उंबरठ्यावरील कळीचा प्रश्न हाच आहे. कायद्याचा मूळ हेतू स्वतःचा दोष नसताना बेकार झालेल्यांना आधार देण्याचा असल्याने, कामाअभावी कपात झाली असेल तर प्रश्न मिटतो. सबळ कारणाविना राजीनामा दिला असेल, अथवा गैरवर्तनाबद्दल बडतर्फी झाली असेल, तर लाभ नाकारला जातो. येथे पुराव्याचा भार कोणावर, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. राजीनाम्यामागे सबळ कारण होते हे सामान्यतः कामगाराने दाखवावयाचे असते. गैरवर्तन झाले हे मालकाने.

'गैरवर्तन' या शब्दाचा अर्थ मालक जो घेतो तो कायदा घेत नाही. या बाबतीतील पायाभूत निर्णय विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४१ मध्ये 'बॉयन्टन कॅब कंपनी विरुद्ध न्यूबेक' या खटल्यात दिला. वारंवार किरकोळ अपघात केल्यावरून एका टॅक्सीचालकाला काढण्यात आले होते. न्यायालयाने म्हटले की, मालकाच्या हिताची जाणूनबुजून अथवा बेफिकिरीने केलेली पायमल्ली म्हणजे गैरवर्तन. निव्वळ अकार्यक्षमता, क्षमतेचा अभाव, एखाद्या प्रसंगी झालेली साधी हयगय किंवा सद्हेतूने घेतलेला चुकीचा निर्णय यांना गैरवर्तन म्हणता येणार नाही. हीच व्याख्या पुढे बहुतेक राज्यांनी थोड्याफार फरकाने उचलली. अर्थात नोकरीवरून काढणे योग्य होते का, हा एक प्रश्न, आणि काढलेल्याला लाभ मिळावा का, हा दुसरा. चालकाला काढण्याचा मालकाचा अधिकार न्यायालयाने हिरावून घेतला नाही. त्या चालकाला उपाशी ठेवण्याचा अधिकार मात्र मान्य केला नाही. या दोन प्रश्नांची गल्लत अनेक अर्जदारही करतात आणि 'मला काढले, म्हणजे माझा हक्क गेला' असे समजून अर्जच करत नाहीत.

'सबळ कारण' आणि 'योग्य काम' या शब्दांनी तर राज्यघटनेपर्यंत मजल मारली आहे. दक्षिण कॅरोलिनातील एका कापडगिरणीत काम करणाऱ्या स्त्रीने शनिवारी काम करण्यास नकार दिला, कारण तिच्या पंथात शनिवार हा विश्रांतीचा पवित्र दिवस होता. तिला काढण्यात आले. परिसरातील इतर गिरण्यांतही शनिवारी काम असल्याने तिला दुसरी नोकरी मिळेना, आणि 'योग्य काम नाकारले' म्हणून राज्याने तिचा दावा फेटाळला. 'शर्बर्ट विरुद्ध व्हर्नर' या १९६३ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने हा नकार धर्मस्वातंत्र्याशी विसंगत ठरविला. १९८१ च्या 'थॉमस' खटल्यात, रणगाड्यांचे भाग तयार करण्यास सद्सद्विवेकबुद्धी संमती देत नाही म्हणून इंडियाना राज्यातील नोकरी सोडणाऱ्या कामगारासही तेच संरक्षण मिळाले. अमेरिकन घटनाशास्त्रातील धर्मस्वातंत्र्याचे हे दोन्ही प्रसिद्ध निर्णय मुळात आठवड्याच्या काही डॉलरांच्या बेकारी लाभासाठी केलेली अपिले होती, याकडे आपल्या राज्यशास्त्राच्या वर्गांत सहसा लक्ष जात नाही.

नकार कसा येतो ?

अर्ज आल्यावर राज्याचा विभाग मालकाला सूचना पाठवितो. मालकाने कारण वेगळे सांगितले तर विभागातील अधिकारी दोघांशी दूरध्वनीवर बोलतो किंवा प्रश्नावली पाठवितो आणि निर्णय लिहितो. साक्ष शपथेवर होत नाही, उलटतपासणी नसते. उभय पक्ष एकमेकांचे म्हणणे ऐकतही नाहीत. एवढ्या घाईचे एक कारण संघीय कायद्यातच आहे. लाभ 'देय होताच' पूर्ण दिला जावा, अशी राज्यांवर अट आहे. १९७१ च्या 'जावा' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तिचा अर्थ स्पष्ट केला. अर्जदार पात्र ठरल्यानंतर केवळ मालकाने अपील केले म्हणून लाभ थांबविण्याची कॅलिफोर्नियाची प्रथा न्यायालयाने रद्द केली आणि उभय पक्षांना प्राथमिक संधी दिल्यावर प्रशासनाला शक्य असेल तितक्या लवकर पैसे मिळाले पाहिजेत, असे म्हटले. घरभाडे अपिलाच्या निकालापर्यंत थांबत नाही, हे व्यवहारज्ञान या निर्णयामागे आहे.

तथापि त्वरेने दिलेला निर्णय कामगाराच्या विरुद्धही जाऊ शकतो. तो माणसाऐवजी यंत्राने दिला तर काय होते, याचे उदाहरण मिशिगन राज्याने घालून दिले. ऑक्टोबर २०१३ मध्ये तेथे नवी संगणकप्रणाली सुरू झाली. तिमाहीचे वेतन सर्व आठवड्यांवर सारखे विभागून ती अर्जदाराच्या माहितीशी ताडून पाहत असे आणि विसंगती दिसल्यास फसवणुकीचा संशय घेऊन प्रश्नावली पाठवीत असे. ही प्रश्नावली पुष्कळदा अशा ऑनलाइन खात्यात जाऊन पडे की जे लाभ संपल्यावर कोणी उघडून पाहत नसे. दहा दिवसांत उत्तर आले नाही की फसवणूक सिद्ध झाल्याचे धरले जाई. मूळ रक्कम, तिच्या चौपट दंड आणि व्याज यांची वसुली वेतनातून व प्राप्तिकराच्या परताव्यातून होऊ लागली. ऑगस्ट २०१५ पर्यंत ही पद्धत चालली. पुढे विभागानेच केलेल्या फेरतपासणीत, यंत्राने एकट्याने दिलेल्या २२,४२७ निर्णयांपैकी ९३ टक्के चुकीचे आढळले. २०२२ मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने बाधितांना राज्याकडून नुकसानभरपाई मागता येते असा निर्णय दिला, आणि दोन कोटी डॉलरच्या तडजोडीवर प्रकरण मिटले. तोवर अनेकांनी दिवाळखोरी पत्करली होती. अपिलासाठी तीस दिवसांची मुदत या लोकांनाही होती. परंतु निर्णय झाला आहे हेच ज्यांना कळले नाही, त्यांच्या लेखी ती मुदत असून नसल्यासारखी होती.

अपिलाची वाट :

ज्याचा दावा नाकारला गेला त्या प्रत्येकाला निःपक्ष न्यायपीठासमोर न्याय्य सुनावणीची संधी मिळाली पाहिजे, ही अट १९३५ च्या मूळ कायद्यातच आहे. राज्याने ती पाळली नाही तर प्रशासकीय खर्चाचे संघीय अनुदान थांबू शकते. अपिलाची मुदत अल्प असते आणि ती निर्णय हाती पडल्यापासून नव्हे, तर सामान्यतः तो टपालात टाकल्याच्या तारखेपासून मोजली जाते. कॅलिफोर्निया व न्यूयॉर्कमध्ये ३० दिवस, तर टेक्सासमध्ये अवघे १४ दिवस. अर्जाला विशिष्ट भाषा लागत नाही. 'हा निर्णय मला मान्य नाही' एवढे लिहून सही केली तरी पुरते. वकील सक्तीचा नाही. विधी महाविद्यालयांच्या साहाय्य केंद्रांतून विद्यार्थी अशा अपिलांत बाजू मांडतात, आणि कायद्याच्या विद्यार्थ्याला यापेक्षा चांगले शिक्षण दुसरे मिळेल असे वाटत नाही.

पहिल्या पायरीवरील सुनावणी प्रशासकीय न्यायाधीशापुढे, आजकाल बहुधा दूरध्वनीवरून होते. ती नव्याने होते, हे तिचे वैशिष्ट्य आहे. विभागाच्या अधिकाऱ्याने काय ठरविले यास न्यायाधीश बांधलेला नसतो. साक्ष शपथेवर होते, उलटतपासणी होते, ध्वनिमुद्रण होते. कामगाराने शिवीगाळ केली असे मालकाच्या मनुष्यबळ विभागातील अधिकारी सांगतो, पण तो स्वतः तेथे उपस्थित नव्हता. ज्या पर्यवेक्षकाने ऐकले तो साक्षीस आलेला नाही. अशा वेळी अनेक राज्यांत केवळ ऐकीव पुराव्यावर गैरवर्तनाचा निष्कर्ष टिकत नाही. कागदावर मालकाच्या बाजूने भक्कम दिसणारे प्रकरण अशा रीतीने सुनावणीत ढासळू शकते. उलटही घडते. अर्जदार सुनावणीच्या वेळी दूरध्वनी उचलत नाही, आणि चांगले प्रकरण गैरहजेरीमुळे निकालात निघते.

याच पायरीवर आणखी एक चूक वारंवार होते. अपील प्रलंबित असताना दर पंधरवड्याला आपण बेकार व कामासाठी उपलब्ध आहोत असे प्रमाणित करीत राहावे लागते. नकार आल्यावर पैसे तर मिळत नाहीत, मग फॉर्म कशाला भरावयाचा, असे वाटून पुष्कळजण ते थांबवितात. पुढे अपील जिंकले तरी न प्रमाणित केलेल्या आठवड्यांचे पैसे हाती येत नाहीत.

पहिल्या पायरीवरील अपिलांपैकी किमान ६० टक्के ३० दिवसांत व ८० टक्के ४५ दिवसांत निकाली निघावीत, असे संघीय मानक आहे. २०२० च्या साथीत ते पार कोलमडले. मार्च २०२० च्या अखेरीस एकेका आठवड्यात साठ लाखांहून अधिक नवे अर्ज येत होते. त्यांतील नकारांची अपिले पुढे अनेक महिने पडून राहिली.

दुसरी पायरी अपील मंडळाची. येथे सहसा नवा पुरावा घेतला जात नाही. पहिल्या सुनावणीचे ध्वनिमुद्रण व कागदपत्रे यांवरच निर्णय होतो. त्यानंतर न्यायालय, कॅलिफोर्नियात मंडळाच्या निर्णयापासून सहा महिन्यांच्या आत तेथे जावे लागते. म्हणजे जे सांगावयाचे, जो कागद दाखवावयाचा, तो पहिल्या सुनावणीतच. वरच्या पायऱ्यांवर केवळ त्याचा अर्थ लावला जातो.

अर्धवेळ अध्यापक आणि 'वाजवी हमी' :

शिक्षणक्षेत्र या विम्याच्या कक्षेत उशिरा आले. राज्य विद्यापीठे व विनानफा संस्था १९७० च्या दुरुस्तीने आणि सार्वजनिक शाळा १९७६ च्या दुरुस्तीने समाविष्ट झाल्या. त्याबरोबरच एक अपवाद आला. दोन शैक्षणिक वर्षांच्या अथवा सत्रांच्या दरम्यानच्या काळात, पुढील सत्रात काम मिळण्याचा करार किंवा 'वाजवी हमी' असेल, तर अध्यापकाला लाभ मिळणार नाही. हेतू समजण्याजोगा आहे. वार्षिक वेतन घेणाऱ्या कायम प्राध्यापकाने उन्हाळी सुट्टीत बेकारी लाभ मागणे कोणासही रुचणार नाही.

परंतु अमेरिकेतील महाविद्यालयीन अध्यापकांपैकी सुमारे निम्मे आता अर्धवेळ आहेत. त्यांची नेमणूक एका सत्रापुरती व एकेका विषयाच्या तुकडीपुरती असते. मे महिन्यात विभागप्रमुख 'शरद सत्रात दोन तुकड्या' असे पत्र देतो आणि त्याच पत्राच्या तळाशी 'विद्यार्थिसंख्या व निधी यांच्या अधीन राहून' असे छापलेले असते. पटसंख्या कमी पडली, किंवा एखाद्या कायम प्राध्यापकाची तुकडी रद्द होऊन त्याला ती द्यावी लागली, तर या अध्यापकाचे काम सत्र सुरू होण्याच्या दिवशीही जाऊ शकते. उन्हाळ्यात त्याने बेकारी लाभाचा अर्ज केला, तर महाविद्यालय हेच पत्र पुढे करून 'वाजवी हमी दिलेली आहे' असे कळविते आणि नकार येतो.

महाराष्ट्रातील वाचकाला हे चित्र अपरिचित वाटू नये. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांना मानधन घेतलेल्या तासांचे मिळते. सुट्टीचे मिळत नाही, आणि पुढील वर्षी 'बघू, कार्यभार आला तर' या वाक्यावर उन्हाळा काढावा लागतो. प्रस्तुत लेखकानेही असे काही उन्हाळे काढले आहेत. फरक असा की, आपल्याकडे त्या वाक्याचा कायदेशीर अर्थ काय, असा प्रश्नच उद्भवत नाही. कारण त्यावर अवलंबून असलेला कोणताही हक्क नाही. अमेरिकेत तो प्रश्न न्यायालयात गेला.

सॅन फ्रान्सिस्को येथील सिटी कॉलेजमधील अर्धवेळ अध्यापकांनी ही लढाई दिली. अपील मंडळापर्यंत निर्णय त्यांच्या विरुद्ध गेले. कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने १९८९ मध्ये 'सर्व्हिसी विरुद्ध बेकारी विमा अपील मंडळ' या खटल्यात मात्र ते फिरविले. विद्यार्थिसंख्या, निधी अथवा अभ्यासक्रमातील बदल यांवर अवलंबून असलेला प्रस्ताव वाजवी हमी ठरत नाही, असे राज्याच्या कायद्यातच म्हटलेले होते. न्यायालयाने त्या शब्दांना त्यांचा सरळ अर्थ दिला. पूर्वी अनेक सत्रे काम मिळत आले आहे, म्हणून पुढेही मिळेल, ही केवळ अपेक्षा आहे; तिला हमी म्हणता येत नाही.

हा निर्णय कॅलिफोर्नियापुरता होता. इतरत्र नकारांची परंपरा चालूच राहिल्याने संघीय श्रमखात्याने डिसेंबर २०१६ मध्ये राज्यांना नवे मार्गदर्शन केले. त्यानुसार प्रस्ताव अधिकार असलेल्या व्यक्तीने दिलेला असावा, काम त्याच स्वरूपाचे असावे आणि पुढील सत्राचे वेतन आधीच्या सत्रापेक्षा लक्षणीयरीत्या कमी, म्हणजे ९० टक्क्यांच्या खाली, नसावे. एवढ्यावरही काम मिळणे ज्या गोष्टींवर अवलंबून आहे त्या महाविद्यालयाच्या नियंत्रणात आहेत का, हे पाहून, सर्व परिस्थितीच्या आधारे काम मिळण्याचा संभव दाट असेल तरच हमी मानावी. हे मार्गदर्शन राज्यांनी अमलात आणावयाचे असल्याने, एकाच मजकुराच्या पत्रावर दोन राज्यांत दोन निर्णय होणे आजही शक्य आहे.

व्यवहारात त्याचे मोल किती, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहता येईल. सर्वोच्च तिमाहीत ७,८०० डॉलर मिळविणाऱ्या कॅलिफोर्नियातील अर्धवेळ अध्यापकाचा साप्ताहिक लाभ ३०० डॉलर येतो. उन्हाळ्याची सुट्टी दहा आठवड्यांची असून पहिला आठवडा विनालाभ प्रतीक्षेचा असतो, असे धरल्यास उरलेल्या नऊ आठवड्यांचे २,७०० डॉलर होतात. महाविद्यालयाच्या अर्थसंकल्पात ही रक्कम नगण्य आहे. त्या अध्यापकाच्या दृष्टीने ती दोन-अडीच महिन्यांचा शिधा आहे.

अशा अध्यापकाच्या सुनावणीत निर्णायक ठरणारी कागदपत्रे थोडी असतात : नेमणुकीच्या पत्राची तळाच्या ओळीसह प्रत, मागील सत्रांत शेवटच्या क्षणी रद्द झालेल्या तुकड्यांची नोंद, त्यासंबंधीचा विभागाशी झालेला पत्रव्यवहार आणि असल्यास संघटनेच्या करारातील तुकडी काढून घेण्याविषयीचे कलम. महाविद्यालयाचा प्रतिनिधी 'त्यांना दरवर्षी काम मिळते' असे सांगेल. तेव्हा पटसंख्या पाचने कमी पडली तर काय होईल, हा साधा प्रश्न त्याला विचारावयाचा असतो.

हा प्रश्न उन्हाळ्यातच विचारावा लागतो, याला एक कारण आहे. हमी आहे म्हणून नकार मिळाला आणि ऑगस्टमध्ये प्रत्यक्षात कामच मिळाले नाही, तर कार्यालयीन व इतर अध्यापकेतर कर्मचाऱ्यांना मधल्या आठवड्यांचे पैसे मागाहून देण्याची तरतूद संघीय कायद्यात केलेली आहे. अध्यापकांसाठी तशी तरतूद नाही. काम गेल्यापासूनच्या आठवड्यांसाठी ते नव्याने पात्र ठरू शकतात. मे ते ऑगस्टमधील आठवडे मात्र, निर्णय टपालात पडल्यापासून तीस दिवसांच्या आत अपील केलेले असेल, तरच परत मिळू शकतात.